लसीच्या कुप्यांबरोबर ती टोचणाऱ्या हातांनाही निधी द्या: परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: आफ्रिकेतील गावपातळीवरील आरोग्यसेवक व संशोधन केंद्रांसाठी निधीची तरतूद करण्याबाबत.

महोदय,

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी हिवतापाची आर२१ लस १५ जुलै २०२४ रोजी आयव्हरी कोस्टमधील बालकांना देण्यास सुरुवात झाली, तेव्हा एक निवृत्त आरोग्यसेविका म्हणून मला फार आनंद झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात हिवतापाने ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. त्यांतील सुमारे ९५ टक्के आफ्रिका विभागातील होती आणि तिथल्या मृतांपैकी तीन चतुर्थांश पाच वर्षांखालची मुले होती. त्या मुलांसाठीची लस माझ्या शहरात तयार होते याचा मला अभिमान आहे, आणि म्हणूनच आपल्याकडे एक मागणी करत आहे.

ही लस ऑक्सफर्ड विद्यापीठात विकसित झाली, तरी तिचा गुण प्रथम दिसला तो बुर्किना फासोतील नानोरो या ग्रामीण भागात. प्रा. हलिदू टिंटो यांच्या नेतृत्वाखाली तिथे ४५० बालकांवर झालेल्या चाचणीत, हिवतापाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी तीन मात्रा दिल्यावर, एका गटात वर्षभर ७७ टक्के संरक्षण मिळाले. पुढे बुर्किना फासो, माली, केनिया आणि टांझानिया येथील ४,८०० मुलांवर तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली. आपल्याकडील कौतुकात पुण्याचे नाव येते, ऑक्सफर्डचे येते; नानोरोचे मात्र क्वचितच येते.

या लसीच्या चार मात्रा आहेत आणि चौथी मात्रा तिसरीनंतर साधारण वर्षाने द्यायची असते. उपकेंद्रात काम केलेल्या कोणालाही यातली अडचण चटकन कळेल. पहिल्या मात्रेला आई बाळाला उत्साहाने घेऊन येते. नंतरच्या मात्रांना ड्यू लिस्ट, म्हणजे मात्रा द्यायच्या राहिलेल्या बालकांची यादी, हातात घेऊन घरोघरी जावे लागते, आणि बाळ धडधाकट दिसत असले की आईला ते काम तातडीचे वाटत नाही. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील पट्ट्यात जून ते ऑक्टोबर पाऊस असतो. हिवताप त्याच दिवसांत वाढतो, आपल्यासारखीच ज्वारी-बाजरीची पेरणी त्याच दिवसांत असते आणि कच्चे रस्तेही नेमके तेव्हाच बंद पडतात. व्हॅक्सिन कॅरिअर, म्हणजे लस थंड ठेवणारी पेटी, खांद्याला लावून तो चिखल तुडवणारी बाई किंवा बाप्या नसेल, तर पुण्याहून निघालेली कुपी जिल्ह्याच्या फ्रिजपर्यंतच पोहोचेल.

नदीकाठचे अंधत्व या रोगाच्या बाबतीत आफ्रिकेने गावोगावी औषध पोहोचवण्याचे हे काम करून दाखवले आहे. वेगाने वाहणाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या काळ्या माशीमुळे पसरणाऱ्या या कृमिरोगापायी पश्चिम आफ्रिकेतील सुपीक खोरी लोकांना सोडून द्यावी लागली होती. १९७४ मध्ये माशीविरुद्ध मोहीम सुरू झाली आणि १९८७ मध्ये मर्क कंपनीने या रोगावरील आयव्हरमेक्टिन हे औषध मोफत देण्याचे जाहीर केले. परंतु हे औषध कृमीच्या पिल्लांना मारते, प्रौढ कृमीला नाही. आणि प्रौढ कृमी दहा-पंधरा वर्षे जगतो, त्यामुळे गोळी अख्ख्या गावाने वर्षानुवर्षे घ्यावी लागते. हे काम गावांनीच उचलले. गावकरी आपल्यातलाच वाटप करणारा निवडत, वाटपाची वेळ स्वतः ठरवत आणि वजनकाट्याऐवजी खुणा केलेल्या काठीने उंची मोजून गोळ्यांची संख्या ठरवली जाई. पश्चिम आफ्रिकेतील मोहीम २००२ मध्ये संपेपर्यंत अडीच कोटी हेक्टर जमीन पुन्हा शेतीसाठी मोकळी झाली होती. जानेवारी २०२५ मध्ये नायजर हा या रोगाचे निर्मूलन झाल्याची जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळवणारा आफ्रिकेतील पहिला देश ठरला. काठी घेऊन फिरणाऱ्या बहुतेकांना मात्र या श्रमांचे मानधन कधी मिळाले नाही. गावातील आरोग्यसेवकांना योग्य मोबदला द्यावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच केली आहे.

२०१५ च्या दिल्लीतील भारत-आफ्रिका शिखर परिषदेत आपण ६० कोटी डॉलरचे अनुदान जाहीर केले, त्यात आरोग्य निधीचा वाटा १ कोटी डॉलर होता. आता जुलै २०२५ पासून परदेशांना मदत देणारी अमेरिकेची यूएसएड ही सरकारी संस्थाच बंद झाल्याने अनेक देशांतील गावपातळीवरील आरोग्यसेवेचा आधार गेला आहे. अशा वेळी पुढील परिषदेत आरोग्य निधी वाढवावा, त्यातील ठरावीक हिस्सा संबंधित देशांच्या संमतीने गावातील आरोग्यसेवकांच्या नियमित मानधनासाठी राखून ठेवावा, आणि नानोरोसारख्या केंद्रांना चाचणी संपल्यावरही प्रयोगशाळा व माणसे टिकवता येतील असे दीर्घ मुदतीचे साहाय्य द्यावे, ही माझी विनंती आहे. चौथ्या मात्रेपर्यंत किती बालके पोहोचली, याचा आढावाही या निधीच्या अटींत असावा.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्यसेविका, पुणे