कापलेला फोटो

चि. शलू हिस, आप्पांचे अनेक आशीर्वाद.

संज्याकडून कळलं. त्याच्यावर चिडू नकोस, त्याला वाटलं आम्हाला ठाऊकच असणार. "मामा, शलूचं प्लास्टर कधी काढायचं आहे?" असं त्यानं सहज विचारलं आणि तुझी आई पोह्यांचं ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली.

रात्रीचे अडीच, वळणावर वाळू, गाडी घसरली. एवढंच समजलं. त्याबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही. फोनवर बोललो तेवढं पुरे झालं. माझा आवाज खाली पिठाच्या गिरणीपर्यंत गेला म्हणे, आणि गिरणी चालू होती. म्हणून पत्र.

पाडव्याला तू फोटो पाठवलेलास, गळ्यापर्यंतचा. मागं गुढी, साडीचा हिरवा काठ, तू हसतेस. मी तो चौकात चहावाल्यालासुद्धा दाखवला होता. काल परत मोठा करून पाहिला. डावा खांदा किंचित वर उचललेला आहे आणि हात फ्रेमच्या बाहेर. तुझी फिल्म इन्स्टिट्यूटच्या पहिल्या वर्षाची वही इथंच राहिली आहे, ती मी आता दुसऱ्यांदा वाचतोय. त्यात तूच लिहिलंयस : 'ऑफ-स्क्रीन स्पेस म्हणजे चौकटीत दिसत नाही, पण आहे असं प्रेक्षक धरून चालतो ती जागा.' खाली दोन रेघा. धडा चांगला गिरवलास, आमच्यावरच.

त्याच वहीत त्या रशियन दिग्दर्शक कुलेशोवच्या प्रयोगाचं आहे. एकाच नटाचा एकच कोरा चेहरा. त्याला आधी सुपाची वाटी जोडली, मग शवपेटी, मग एक बाई. लोक म्हणाले, काय भूक दाखवली, काय दुःख दाखवलं! चेहरा तोच होता, अर्थ जोडकामात होता. तू पण महिनाभर तेच केलंस. मेसचं ताट, मग संस्थेतलं झाड, मग हसरा चेहरा. 'पोरगी मजेत आहे' हे तू कुठंच लिहिलं नव्हतंस. ते आम्ही आमच्या मनानं जोडलं.

रागावून लिहीत नाही. खरं तर वाचताना मला भारी वाटत होतं. तीस वर्षं थिएटरच्या मशीन रूममध्ये पिक्चर दाखवण्यात काढली, पण या गोष्टींना नावं असतात हे माहीत नव्हतं. जंप कट म्हणजे काय ते वाचून तर एकटाच हसलो. आमच्याकडं प्रिंट यायची तीच पाच गावं फिरून झिजलेली. फिल्म तुटली की दोन-चार फ्रेम कापायच्या, कड खरवडायची, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून दाबून धरायचं. असे दहा जोड झाले की नायिका दारात उभी दिसायची आणि पापणी लवते न लवते तोवर एकदम खाटेवर! पब्लिक शिट्ट्या मारायचं आणि ऑपरेटरच्या आईबापाचा उद्धार करायचं. तुमच्यात लोक हे मुद्दाम करतात आणि त्यावर परीक्षेत दहा मार्क असतात.

दिवाळीतल्या भांडणाचंही लिहायचं होतं. तू म्हणालीस, आप्पा, ते दृष्टिसातत्याचं तुम्ही सांगता ते चुकीचं आहे. मला ते लागलं. मशीन रूम बघायला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी तेच सांगत आलो : डोळ्यात चित्र क्षणभर रेंगाळतं, तेवढ्यात दुसरं येतं, म्हणून हलताना दिसतं. वहीत तुझं म्हणणं नीट वाचलं. चित्रं नुसती रेंगाळली असती तर एकावर एक चढून चिखल झाला असता. हालचाल डोळा नव्हे, मेंदू तयार करतो, आणि वर्थायमर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९१२ सालीच यावर प्रयोग करून लिहिलं होतं. बरोबर आहे तुझं. त्या रात्री मी न बोलता झोपायला गेलो, सकाळी तू निघालीस तेव्हा अंघोळीत असल्याचं सोंग केलं. ते चुकलं.

पण अंधाराचं मी सांगायचो ते तरी खरं आहे ना? सेकंदाला २४ फ्रेम, आणि एक फ्रेम सरकून दुसरी येईपर्यंत शटर उजेड अडवतं. चित्र थांबलेलं असतानाही मध्ये एकदा अडवतं, नाहीतर पडदा लुकलुकतो. म्हणजे जवळपास निम्मा वेळ पडद्यावर काहीच नसतं. अडीच तासांच्या पिक्चरला लोक तासाभराहून जास्त काळोख बघतात आणि घरी जाऊन म्हणतात, काय सुंदर होता.

आता मी त्या काळोखातच पडून असतो. अडीच वाजता डोळा उघडतो. पुण्यात ही आत्ता कुठं असेल? एडिटिंग रात्री चालतं हे मला कळतं, पण तुम्हा पोरांना उजाडेपर्यंत तिथंच थांबता येत नाही का? पिंट्याच्या अपघाताचीही वेळ हीच होती. त्यालाही झोप आली नव्हती, तोही अगदी शुद्धीत होता, सगळे हेच सांगत होते. झोप आलेल्या माणसाला आपल्याला झोप येतेय हे शेवटपर्यंत कळत नाही.

बघ, लिहिणार नाही म्हटलं होतं.

तू सहा वर्षांची असताना स्टुलावर उभी राहून काचेतून पडदा बघायचीस. रीळ संपत आलं की उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकायचा. पहिल्या ठिपक्याला दुसरं मशीन सुरू करायचं, सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका आला की चेंजओव्हर, म्हणजे पडदा दुसऱ्या मशीनकडं द्यायचा. हॉलमधल्या सहाशे माणसांना तो कधी दिसला नाही. तू "आप्पा, ठिपकाऽ" करून ओरडायचीस आणि मी हँडल ओढायचो. एकदा मला डुलकी लागली होती. तू ओरडलीस म्हणून पडदा पांढरा झाला नाही. मालकाला हे कधीच कळलं नाही, तुझ्या आईलाही मी सांगितलेलं नाही.

प्रभात फिल्म कंपनी १९२९ला आपल्या कोल्हापुरात सुरू झाली, १९३३ला पुण्याला गेली, आणि त्याच जागेत १९६०ला तुमची संस्था आली. तुला प्रवेश मिळाला तेव्हा मी चौकात सांगत होतो, दामले-फत्तेलालांच्या आवारात शिकायला चाललीय. अजून सांगतो. प्लास्टरचं कुणाला सांगितलेलं नाही.

तुझ्या आईनं काल एक गोष्ट सांगितली. लास्ट शो सुटला की मी एक-सव्वा वाजता सायकलवरून यायचो, चेन गार्डला घासायची. तो आवाज कोपऱ्यावर आला की ती दिवा न लावता कडी काढून ठेवायची आणि परत येऊन झोपल्यासारखं करायची. मी आपला समजायचो, ही कडी लावायलाच विसरते. इतकी वर्षं.

इथं तुझ्या गाडीचा आवाज यायचा कुठून?

आईनं डिंकाचे लाडू संज्याबरोबर दिले आहेत. डावा हात भिजवू नकोस. पैसे लागले तर कळव, लाजू नकोस. उत्तर घाईनं दिलं नाहीस तरी चालेल.

तुझे,
आप्पा

ता. क. गाडीची किल्ली महिनाभर संज्याकडं ठेव. दिलीस की दोघांचा एक फोटो पाठव. मनगटापासून, न कापता.