मॅग्डाला रंगवून झाली, काका

ती. काका,
सा. न.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही चहाचा विषय काढता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय. आपल्या 'मॅग्डाला' जहाजाच्या मॉडेलवर तोफा बसल्या, कठडे लागले, रंगही वाळला.

इतरांसाठी थोडं सांगून टाकतो. 'मॅग्डाला' ही खास मुंबई बंदराच्या रक्षणासाठी बांधलेली चिलखती युद्धनौका. लंडनच्या टेम्स आयर्नवर्क्समध्ये तयार झाली, १८७० साली पाण्यात उतरली आणि तात्पुरत्या डोलकाठ्या उभारून इथवर आली. नाव १८६८ च्या अ‍ॅबिसिनियातल्या (आजच्या इथिओपियातल्या) लढाईवरून. पुढचं सगळं आयुष्य आपल्याच बंदरात गेलं. १९०४ मध्ये विकून टाकली. लांबी २२५ फूट, दोन फिरते बुरुज, प्रत्येकात दोन तोफा, आणि डेक पाण्याला टेकलाय की काय वाटावं इतका खाली. मी ती १:९६ प्रमाणात, किट न घेता, प्लास्टिक शीट, पितळी तार आणि सागाच्या विनियरमधून उभी केली. भरली अठ्ठावीस इंच. अडलं तिथे मेलबर्नजवळ हाफ मून बेमध्ये १९२६ पासून बुडवून ठेवलेल्या तिच्या बहिणीचे, म्हणजे त्याच घडणीच्या 'सर्बेरस' जहाजाचे फोटो कामी आले. तिचे बुरुज अजून पाण्यावर दिसतात.

बांधणी मला जमते. रंगाचं मात्र तुमच्याशिवाय खरं नव्हतं. उभी हयात गोदीत रंगाचा ब्रश हातात धरलेला माणूस खालच्या मजल्यावर राहतो, हे आमचं नशीब.

पहिला हात द्यायच्या आधी तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून धुराड्यावरून नुसतं बोट फिरवलंत. तिथले रिव्हेट मी इन्सुलिनच्या सुईने गोंदाचे ठिपके टाकून केले होते. "बोटाला लागू देत, पण डोळ्यांत भरता कामा नयेत," म्हणालात आणि पाणीपेपरचा तुकडा ओला करून स्वतःच घासायला बसलात. मी श्वास रोखून बघत होतो, ते तुम्हाला कळलं असणारच. प्राइमर चढल्यावर उजेड आडवा पडला तरच त्या रांगा दिसू लागल्या. हव्या होत्या तशाच.

मग रंग. १८९२ मध्ये जुन्या तोफा काढून तिच्यावर आठ इंची तोफा बसवल्या, त्यानंतरचं रूप मी धरलं. त्या काळच्या इंग्रजी आरमाराच्या प्रथेप्रमाणे काळं अंग, वरचं काम पांढरं आणि धुराडं पिवळट. फोटोंचा भरवसा धरता येत नाही, कारण तेव्हाच्या फोटोच्या काचा निळ्याला भराभर टिपायच्या आणि पिवळ्या-तांबड्याला जवळजवळ नाहीच. पिवळं धुराडं त्यात काळपट येतं. तयार बाटलीतला पिवळा मी दाखवला तेव्हा तुम्ही मान हलवलीत आणि माळ्यावरून पिवडीचा, म्हणजे पिवळ्या मातीच्या रंगाचा, डबा काढलात. पांढऱ्यात पिवडी, वर नखभर काव, म्हणजे तांबडी माती. जहाजावर रंग असाच घोटायचे, हे मी वाचलेलं होतं. तो प्रत्यक्ष जमून येताना तुमच्या जुन्या ताटलीत पाहिला. काळ्यातही तुम्ही पांढऱ्याचे थेंब टाकायला लावलेत. एवढ्याशा वस्तूवर निव्वळ काळा लावला की सगळं कोरीव काम गिळून टाकतो, हे अगदी बरोबर.

आणि गंजाबद्दल तर तुमचे आभार मानावे तेवढे थोडे. हल्ली मॉडेलवाल्यांना तांबड्या ओघळांचं वेडच लागलंय; जहाज दिसलं की गंजवलंच. व्हिक्टोरियाच्या काळात रंगासाठी पदरचे पैसे घालणारे कप्तान होते. तोफेच्या दारूच्या धुराने रंग काळवंडेल म्हणून तोफांचा सराव टाळणारेही होते म्हणतात. अशा जहाजाला गंज कुठला दाखवणार? तुम्ही एका वाक्यात निकाल लावलात: "उभ्या जहाजाला शेवाळ धरतं." पाणरेषेला हिरवट पातळ पट्टी ओढलीत तीही लायनिंगच्या ब्रशने, टेप न लावता. पांढऱ्या भागावर उन्हाने येणारी भुकटी समजावी म्हणून मला सोसायटीच्या गेटवर हात घासायला लावलात. तळहात पांढरा झाला. मग कोरड्या ब्रशने तेवढीच छटा डेकच्या वरच्या भिंतींवर दिली.

होड्यांची वल्ही आणि नांगराची साखळी अजून बाकी आहे, ते मी करीन. पितळी पाटी मात्र कोरीच ठेवलीय. नावाची अक्षरं तुमच्या हातची हवीत, आणि "आता हात थरथरतो" हे कारण ऐकणार नाही. पाणरेषा ओढताना कुठे थरथरला होता? रविवारी सकाळी डबा आणि ताटली परत द्यायला येतो. पाटीही घेऊनच येतो. काकूंना सांगा, चहा या वेळी आमच्याकडून.

आपला,
वरच्या मजल्यावरचा