शक्तिमानची एअर काढून देणाऱ्यांचे आभार

जर्मन 'मान' कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनलेला शक्तिमान ट्रक रोज सकाळी एअर घ्यायचा, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरायची. टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) या भागातली गळती डिझेल सांडत नाही, उलट हवा ओढते. म्हणून खाली जमीन कोरडीच. हे ओळखणाऱ्या पंपवाल्या काकांचे मनापासून आभार. बँजो बोल्टचे (डिझेलचा पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) कडक झालेले तांब्याचे वायसर लालबुंद तापवून पाण्यात टाकून मऊ करणाऱ्या पोऱ्याचेही. मग एअर काढली: आधी फिल्टर, नंतर पंप, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप; शेवटी इंजेक्टरचे, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोट्यांचे, सहाही नट अर्धा आटा ढिले करून स्टार्टर. आणि रबरी पाइपाच्या केसाएवढ्या चिरेवर बोट ठेवणारे भंगारवाले दादा! “क्लिपा काय आवळताय, पाइप बदला,” म्हणाले. तुकडा दिला, पैसे घेतले नाहीत.