पत्ता छापला; वार, वेळ आणि फाटक कोण सांगणार?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

काल आपल्या पुरवणीत दारूमुक्तीवरचा लेख आणि सोबतची सभांची यादी वाचली. विषय घेतलात याबद्दल मनापासून आभार. पण ती यादी खिशात घालून जो माणूस कालच बाहेर पडला असेल, त्याच्या वाट्याला बंद फाटक आलं असण्याचीच शक्यता जास्त, म्हणून हे पत्र.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्यांची संघटना. तिच्या बहुतेक समूहांना स्वतःची जागा नसते. पालिका शाळेतला वर्ग किंवा चर्चची खोली ठरावीक वारी संध्याकाळी तास-दीड तास मिळते. मे महिन्याची सुट्टी लागली किंवा शाळेत मतदान केंद्र आलं, की वर्ग हातचा जातो आणि सभा दुसरीकडे हलते. बाहेर कायमची पाटीही नसते. सभेआधी थोडा वेळ फळ्यावर दोन कापडी फलक टांगतात, एकावर दारूमुक्तीच्या बारा पायऱ्या, दुसऱ्यावर समूहांनी पाळायच्या बारा परंपरा. चौथीच्या पोरांच्या बाकांवर मोठी माणसं अवघडून बसतात, आणि सभा संपली की फलक गुंडाळून पिशवीत जातात. सकाळी जाऊन विचारलं तर शिपाई ‘इथं असलं काही नाही’ असंच सांगणार. आणि तुमच्या यादीत काय, तर शाळेचं नाव आणि रस्ता!

सभा शोधायची रीत अशी. एएच्या भारतातल्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर शहर निवडून समूहाचा क्रमांक घ्यावा. फोन उचलणारा बहुधा स्वतः दारू सोडलेला सभासद असतो आणि दिवसा कामावर असतो, म्हणून संध्याकाळी लावावा. सभा याच आठवड्यात याच जागी आहे ना, कोणत्या फाटकातून यायचं, मराठीत चालते की हिंदी-इंग्रजीत, खुली की बंद (म्हणजे घरच्यांना बसता येतं की नाही), हे तेव्हाच विचारून घ्यावं. फाटकापाशी कोणी भेटेल का, हेही विचारावं; सहसा कोणी ना कोणी येतं. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव कोणी विचारत नाही. शेवटी पिशवी फिरते, तीत नव्या माणसाने काही टाकलंच पाहिजे असं नाही. बोलायचं नसेल तर नुसतं ऐकावं. गावात समूहच नसेल तर ऑनलाइन सभा आहेत. पहिली सभा रुचली नाही तर दुसरा समूह पाहावा, प्रत्येकाचा सूर वेगळा असतो.

‘कुटुंबीयांनी रुग्णाला सभेला घेऊन जावे’ हे तुमच्या लेखातलं वाक्य मात्र मला फार लागलं. बंद सभेत फक्त ज्याला स्वतःला दारूचा त्रास आहे तोच बसू शकतो. घरच्यांना खुली सभा असते. किती दिवस मनाची तयारी करून, शेजारपाजारच्यांची नजर चुकवून, नवऱ्याला कसंबसं राजी करून एखादी बाई वर्गाच्या दारापर्यंत येते आणि तिथे तिला नम्रपणे का होईना, ‘ताई, आज बाहेर थांबावं लागेल’ असं सांगावं लागतं. ती थांबतही नाही, नवऱ्याला घेऊन परत जाते. मग तो पुन्हा येईल याची खात्री कोणी द्यायची? यादीत ‘खुली’ किंवा ‘बंद’ एवढा एकच शब्द असता तर हे टळलं असतं. शिवाय घरच्यांसाठी अल-अनॉन ही 1951 पासूनची वेगळी संघटना आहे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. पिणारा यायला तयार नसला तरी बायकोने तिथे एकटीने जावं. लेखात यांतल्या एकाचाही उल्लेख नाही.

आणि लेखासोबतचा तो सभेचा फोटो! मजकुरात ‘नाव बदलले आहे’ आणि वर पहिल्या रांगेतले चेहरे स्वच्छ. छापील माध्यमांत सभासदाची ओळख येऊ नये, ही एएची अकरावी परंपरा आहे. नोकरी सांभाळायची असते, मुलीचं लग्न ठरायचं असतं. असा फोटो पाहिलेला नवा माणूस फाटकातूनच मागे फिरेल.

‘आजच बाटली फेकून द्या आणि सभा गाठा’ ही तुमची चौकट तर धोक्याचीच आहे. ज्याला सकाळी उठल्या उठल्या घोट लागतो, नाहीतर हात थरथरतात, त्याने एकदम बंद केल्यास पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास, भ्रम सुरू होऊन जिवावर बेतू शकतं. सभेत डॉक्टर नसतो, औषध मिळत नाही. अशा माणसाने आधी सरकारी रुग्णालयाचा मनोविकार विभाग गाठावा, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू उतरवावी आणि तब्येत सावरताच सभेला यावं. 14446 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर जवळच्या उपचार केंद्राची माहिती मिळते.

कृपया येत्या रविवारी दुरुस्त यादी त्याच जागी, तेवढ्याच आकारात छापावी. प्रत्येक समूहाला आधी फोन करून वार, वेळ, फाटक, भाषा आणि खुली की बंद एवढं विचारून घ्यावं, आणि हेल्पलाइनचा क्रमांक ठळक अक्षरांत वर द्यावा. फोटो नको.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे
(नाव छापू नये, ही विनंती)