‘एंजल’ नव्हे, ‘अँग्यल’

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला आयर्लंडमधल्या देवदूतांवरचा लेख वाचला आणि जेवण गोड लागलं नाही. ‘आयरिश भाषेत देवदूत आणि परी दोघांनाही सी म्हणतात’ हे वाक्य छापण्याआधी कुणी वाचलं होतं का?

देवदूताला शब्द आहे ‘अँग्यल’. लॅटिनमधून, धर्माबरोबर आलेला. त्यात ग आहे, इंग्रजीसारखा ज नाही. हे मला फजिती होऊन कळलंय. लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने गॉलवेला होते. शेजारच्या आजी कॉनेमाराच्या, घरात आयरिशच बोलणाऱ्या. संध्याकाळी सहाला टीव्हीवर प्रार्थनेची घंटा सुरू झाली की हातातला चहा खाली ठेवायच्या. एकदा त्या ‘अन तँग्यल’ असं काहीतरी म्हणाल्या. मी लेकीचा शब्दकोश काढून ‘टी’च्या पानांत अर्धा तास शोधत बसले! आजींना हसून हसून ठसका लागला. ‘तो देवदूत’ म्हणायचं तर शब्दाच्या सुरुवातीला त चिकटतो. ‘ते देवदूत’ म्हटलं की ह येतो, ‘न हँगिल’. आणि मेरीमाता ‘देवदूतांची राणी’, तिथे न, ‘न नँग्यल’. आपण देवदूताला, देवदूतांचा असं शेपूट बदलतो, ही मंडळी तोंडच बदलतात.

‘सी’ म्हणजे टेकाडांखाली राहणारी अदृश्य मंडळी. त्यांचं नाव घेणंही जुनी माणसं टाळतात, ‘चांगली माणसं’ म्हणतात. आमच्या आजोळी रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणायचे, तसंच. स्वर्गातल्या लढाईत कुठलीच बाजू न घेतलेले देवदूत खाली पडले, तेच हे, अशी तिथली एक समजूत आहे. आपल्या विद्वान लेखकमहाशयांनी बहुधा तेवढंच अर्धवट ऐकलं असावं.

तिथे रोजचा व्यवहार इंग्रजीतच चालतो, हे मान्य. पण 1937च्या राज्यघटनेनुसार आयरिश ही पहिली अधिकृत भाषा आहे. लेखात तिला नुसती ‘बोली’ काय म्हणता?

शिवाय फोटो स्केलिग मायकलचा आणि खाली ओळ ‘स्कॉटलंडमधील बेट’! ते आयर्लंडच्याच केरी किनाऱ्यासमोर आहे, आणि नाव देवदूत मायकलचंच. लेख देवदूतांवर होता ना?

आपली,
एक जुनी वाचक, ठाणे

ता. क. : शब्दकोड्यात उभा 11 ला चौकोन चार आणि उत्तर पाच अक्षरी. सलग तिसरा आठवडा.