स्मृतिभ्रंशावरच्या कॅप्सुली आणि आपली रविवारची पुरवणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेले काही महिने पाव पानाची एक जाहिरात येते आहे. हिरवी पानं, हसरे आजोबा आणि वर मथळा: ‘विसरभोळेपणा, स्मृतिभ्रंश, अल्झायमर यांवर शंभर टक्के नैसर्गिक उपाय’. फोंड्याच्या बाजारात माझी फार्मसी आहे. सोमवारी शटर वर करते तेव्हा त्या जाहिरातीचं कात्रण घेऊन कुणी ना कुणी उभं असतंच. ‘बाय, हें आसा?’ मी ते ठेवत नाही. ठेवणारे ठेवतात. अशा मालावर मिळणारं मार्जिन डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या गोळ्यांपेक्षा बरंच जास्त असतं, हे आमच्या धंद्यातलं गुपित इथंच फोडून टाकते.

मी झाडपाल्याची वैरी आहे असं कुणी समजू नये. स्मृतिभ्रंशावर आज जी मोजकी औषधं डॉक्टर लिहून देतात, त्यांतल्या दोघांचं मूळ वनस्पतीतच आहे. गॅलँटामिन हे स्नोड्रॉप नावाच्या पांढऱ्या फुलाच्या कंदातलं. १९५०च्या दशकात सोव्हिएत संघ आणि बल्गेरियातल्या संशोधकांनी ते हाताळलं, आधी स्नायूंच्या दुखण्यांवर वापरलं, आणि अल्झायमरसाठी, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या प्रकारासाठी, अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली ती २००१ साली. दुसरं रिव्हास्टिग्मिन. त्याचा पूर्वज पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलबारच्या विषारी बीमध्ये सापडतो. तिकडे आरोपीला ती बी खायला घालून तो दोषी की निर्दोष हे ठरवत. त्या बीतलं द्रव्य १८६४ साली वेगळं काढण्यात आलं, आणि त्याच्या धर्तीवर घडवलेलं औषध अमेरिकेत २०००पासून अल्झायमरसाठी वापरात आहे. आज त्याची पट्टी मिळते, पाठीवर चिकटवायची.

दोन्हींचं काम एकच. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या द्रव्यातून. अल्झायमरमध्ये ते कमी पडतं, आणि जे असतं ते मोडून टाकणारं विकर (एन्झाइम) शरीरात असतंच. ही औषधं त्या विकराला आवरतात, त्यामुळे उरलेलं द्रव्य थोडं जास्त टिकतं. आजार थांबत नाही. काही रुग्णांना काही काळ थोडा उपयोग होतो, काहींना मळमळ होते, काहींच्या नाडीचे ठोके मंदावतात. हे सगळं मी गिऱ्हाइकाला सांगते, आणि सांगता येतं ते माणसांवर रीतसर चाचण्या झाल्या म्हणून. किती मिलिग्रॅमपासून सुरुवात करायची आणि कुठं थांबायचं, हेही त्यातूनच ठरलं.

याच द्रव्याची उलटी बाजू गोंयकारांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पणजीच्या बागेला ज्याचं नाव आहे त्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात धोतऱ्याविषयी लिहिलं आहे. चोर तो अन्नातून देतात आणि खाणाऱ्याचं भान हरपतं. धोतरा अ‍ॅसिटिलकोलीनचं काम अडवतो, म्हणून असं होतं. तसंच अडवणाऱ्या, अर्थात कितीतरी सौम्य, गोळ्या आमच्या फळ्यांवर आहेत: सर्दीवरची क्लोरफेनिरामिन, लघवी आवरण्यासाठी दिली जाणारी ऑक्सिब्युटिनिन. म्हाताऱ्या माणसाला त्या रोज चालू असतील तर गोंधळ वाढू शकतो. घरचे ‘स्मृतिवर्धक’ मागायला येतात तेव्हा मी आधी बाकीच्या गोळ्यांची पिशवी आणायला सांगते. पुष्कळदा खरं काम त्या पिशवीतच असतं. काय बंद करायचं ते अर्थात डॉक्टरांनी ठरवायचं.

आता जाहिरातीतल्या वनस्पतींकडे येते. पहिली गिंको, मूळचं चीनमधलं एक झाड. अमेरिकेत ७५ वर्षांवरच्या ३,०६९ जणांवर तिची चाचणी झाली आणि निष्कर्ष २००८ साली छापून आले. निम्म्यांना दिवसातून दोनदा १२० मिलिग्रॅम अर्क, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली पोकळ गोळी, असं सरासरी सहा वर्षं चाललं. अर्क घेणाऱ्यांपैकी २७७ जणांना स्मृतिभ्रंश झाला, पोकळ गोळी घेणाऱ्यांपैकी २४६ जणांना. हा फरक योगायोगाने पडण्याइतकाच होता, पण गिंकोने रोग टळला असं काही त्यातून निघत नाही. शिवाय रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर गिंको घेतली तर रक्तस्रावाची भीती असते. जाहिरातीत त्याचा उल्लेख नाही.

दुसरी हळद. तिच्यातलं कर्क्युमिन काचेच्या नळीत बरंच काही करून दाखवतं, पण पोटातून रक्तात फारच थोडं शिरतं आणि शिरलेलं लगेच मोडतं. ते जास्त शोषलं जावं म्हणून मिऱ्याचा अर्क घालून गोळ्या करतात, आणि अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेतल्या डॉक्टरांनी केल्या आहेत. हुमणातली, म्हणजे माशांच्या कालवणातली, हळद कुणी सोडायला नको, ती बिचारी निरपराध आहे.

तिसरी ब्राह्मी. हिच्याबद्दल मला आस्था आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने तिच्यातल्या बॅकोसाइड्स नावाच्या द्रव्यांवर बरंच काम केलं आहे, आणि निरोगी माणसांना सुमारे १२ आठवडे अर्क दिल्यावर स्मरणाच्या काही कसोट्यांत थोडी सुधारणा दिसल्याचे छोटे अभ्यास आहेत. तेवढ्यावरून स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णाला ती बरं करते असं म्हणता येत नाही. त्यासाठी मोठी चाचणी हवी, आणि ती आपल्याच देशात व्हावी असं मला मनापासून वाटतं. एक घोळ मात्र आताच निस्तरायला हवा. आपल्या विहिरीकाठी वाढते ती एकपानी आणि लखनौवाल्यांनी अभ्यासलेली ब्राह्मी ही दोन निराळी झाडं. बाजारात मात्र दोन्ही एकाच नावाने खपतात.

माझ्या सासऱ्यांना अल्झायमर आहे. सावईवेऱ्याच्या कुळागरात, सुपारीच्या बागेत, आयुष्य गेलेला माणूस. चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली बसवलं की कवंडळ, कांगलां, आंबाडे, सुपारीचं शिपटं, सगळ्यांची नावं बिनचूक सांगतात. जेवण झालंय हे मात्र पान उचलायच्या आत विसरतात आणि सुनेने उपाशी ठेवलं म्हणून शेजाऱ्यांकडे तक्रार करतात. घरी येणारा प्रत्येक पाहुणा एखादं मूळ नाहीतर काढा सुचवून जातो. आम्ही एकपानीची चटणी करतो, त्यांना आवडते म्हणून. पट्टी रोज सकाळी बदलतो. जुनी काढल्याशिवाय नवी लावायची नाही, हे गिऱ्हाइकांना बजावते तसं घरीही सगळ्यांना बजावून ठेवलंय.

आमच्या एका गिऱ्हाइकाने जाहिरात वाचून आईची पट्टी बंद केली आणि कॅप्सुली सुरू केल्या. नैसर्गिक ते बरं, एवढाच विचार. काही आठवड्यांत बाई फारच गोंधळली, रात्री दार उघडून बाहेर जाऊ लागली. पट्टी मध्ये काही दिवस खंडली तर पुन्हा सर्वांत कमी मात्रेपासून चढवत न्यावी लागते, तसं डॉक्टरांनी केलं. गेलेलं सगळं परत आलं नाही. मुलाला मी दोष देत नाही. त्याने छापील अक्षरावर विश्वास ठेवला, आणि ते अक्षर आपण छापलं होतं.

संपादक महाशय, १९५४चा औषधी व जादूई उपाय कायदा आपल्या जाहिरात विभागाने एकदा वाचावा. ज्या रोगांवर इलाज असल्याची जाहिरात करायला बंदी आहे त्यांची यादी त्याला जोडलेली आहे आणि त्या यादीत मेंदूचे रोग व विकार आहेत. बंदी केवळ माल विकणाऱ्यावर नाही. अशी जाहिरात प्रसिद्ध करण्यात भाग घेणाऱ्यावरही आहे. पानाच्या तळाशी बारीक टायपात ‘जाहिरातीतील दाव्यांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ छापून अंग काढून घेता येईल, असं मला तरी वाटत नाही.

देशात साठीवरच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. आपल्या गोव्यात तर म्हाताऱ्यांचं प्रमाण जास्त, मुलं पोर्तुगाल-लंडनला. इथं काय उपयोगी पडतं, याचा अभ्यास गोव्यातच झालेला आहे. ८१ कुटुंबांना घेऊन केलेली ती चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते घरोघर जात, आजार समजावून सांगत, रुग्ण चिडला किंवा भटकू लागला तर काय करायचं ते शिकवत, गरज पडली तर डॉक्टरांशी गाठ घालून देत. सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झालेला दिसला. सांभाळणारी बहुतेक वेळा सून, मुलगी नाहीतर बायको असते, हे मी वेगळं सांगायला नको. त्या कामाची बातमी मी आपल्या पुरवणीत पाव पानाएवढी कधी पाहिली नाही.

म्हणून दोन मागण्या. ही जाहिरात बंद करा. आणि तिच्या जागी महिन्यातून एकदा तरी कामाची माहिती द्या. विसरणं वाढलं की आधी बी-१२, थायरॉइड आणि नैराश्य तपासून घ्यावं, कारण त्यांवर उपचार आहेत. ऐकू कमी येत असेल तर कानाचं यंत्र लावून घ्यावं, कारण बहिरेपणानेही स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. कुठल्या आरोग्य केंद्रात ही तपासणी होते, डॉक्टर कुठल्या दिवशी बसतात, हे तालुकावार छापा, म्हणजे काणकोणच्या माणसाला चौकशीपुरता बांबोळीच्या सरकारी इस्पितळापर्यंत हेलपाटा पडणार नाही.

आपली,
एक फार्मासिस्ट, फोंडा
(धंद्याच्या कारणाने नाव छापू नये, ही विनंती.)