प्रयोगशाळेसाठी जुने मोबाइल हवे आहेत

सप्रेम नमस्कार,

पदार्थविज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला उभ्या राहणाऱ्या प्रत्येक मुलाला गुरुत्वीय त्वरणाचं उत्तर आधीच ठाऊक असतं: ९.८. मग निरीक्षणं त्या उत्तराला बेतून लिहिली जातात. तपासणाऱ्यालाही ते कळतं, पण जर्नल पूर्ण असलं की सही होते.

आमच्या पालक-शिक्षक संघाला हे बदलायचं आहे. मुलांनी आधी अंदाज बांधावा, तो सूत्रात मांडावा, मोजून बघावं आणि सूत्र कुठे फसतं ते शोधावं. एक मीटर लांबीच्या दोलकाचा आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ, दोन सेकंद, असं पुस्तक सांगतं. तोच दोलक ६० अंशांवरून सोडला, तर काळ सुमारे २.१५ सेकंद होतो. फरक साधारण ७ टक्के, पण स्टॉपवॉच दाबणाऱ्या हाताचीच चूक एवढी असते, त्यामुळे एका झोक्यात तो दिसतच नाही. दोलकाखाली, वस्तू जवळ आल्याचं ओळखणारा सेन्सर वर करून ठेवलेला जुना मोबाइल मात्र गोळा वरून गेला की वेळ टिपतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेलं 'फायफॉक्स' हे ॲप त्यासाठी मोफत मिळतं.

कागदाचा शंकू वरून सोडून चित्रफीत काढा. सेकंदाला ३० चौकटी, म्हणजे प्रत्येक चौकटीत शंकू किती खाली आला ते मोजता येतं. थोड्याच वेळात अंतरं सारखी पडू लागतात, वेग वाढायचा थांबतो. आता सूत्रात हवेचा विरोध घालावाच लागतो. तो घालून स्प्रेडशीटमध्ये एकेक पायरीने वेग काढायचा आणि आलेख चित्रफितीशी जुळतो का ते पाहायचं, हे नववीच्या मुलांनाही जमतं. आमच्या मते खरं प्रात्यक्षिक इथे सुरू होतं.

म्हणून आपल्याकडे पडून असलेले स्मार्टफोन द्या. काचेला तडा असला, सिम चालत नसलं तरी हरकत नाही. कॅमेरा आणि सेन्सर चालू हवेत. बॅटरी फुगलेला फोन मात्र कृपया देऊ नका, तो धोक्याचा असतो. देण्यापूर्वी सिम काढा, फोनमधल्या गुगल किंवा ॲपल खात्यातून बाहेर पडा आणि फोन रीसेट करा. खातं तसंच राहिलं तर फोन कुलूपबंद होऊन निरुपयोगी ठरतो. चालू स्थितीतले जुने लॅपटॉप, चार्जर आणि स्टँडही चालतील.

रोख मदत अर्थातच स्वीकारू. तिच्यातून अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी अंतर मोजणारे) आणि तापमानाचे सेन्सर, तारा आणि हे सेन्सर जोडायचे आर्डुइनो नावाचे छोटे प्रोग्रॅम करता येणारे बोर्ड घेतले जातील. प्रत्येक वस्तूची आणि रकमेची पावती मिळेल. सोल्डरिंग येणारं कुणी महिन्यातून एखादा शनिवार देऊ शकत असेल, तर तेही हवंच आहे. ते काम आमच्यापैकी कुणालाच धड येत नाही.

वस्तू शाळेच्या कार्यालयात कामाच्या वेळेत आणून द्याव्यात.

आपला,
पालक-शिक्षक संघ (विज्ञान प्रयोगशाळा समिती)